ती फक्त बसली

सिस्टर, तुम्ही आज समोर असता तर मी आधी तुमच्याशीच भांडलो असतो. तुम्ही हातातलं काम न थांबवता सगळं ऐकून घेतलं असतं आणि शेवटी म्हटलं असतं, झालं तुझं? मग त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याची सलाईन पाहा, संपत आली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एकाही पोरीनं तुम्हाला पाहिलेलं नाही. त्यांच्या लेखी तुम्ही म्हणजे माझं एक पालुपद. "आमच्या सिस्टर म्हणायच्या" असं मी सुरू केलं की त्या एकमेकींकडे बघून हसतात. आज माझ्या टेबलावर एक मेमो आला. माझ्याच नावाचा, सगळ्या नोकरीतला पहिला. वाचून आधी हसू आलं, मग जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. बायको म्हणाली, आधी जेवून घ्या, मग रागवा. जेवलो. राग तसाच आहे. तेव्हा म्हटलं, ज्या बाईपासून हे सगळं सुरू झालं तिलाच सांगावं.

मी आता नागपुरातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात नर्सिंग सुपरिंटेंडेंट आहे. तुम्हाला खरं वाटलं नसतं. बर्डीच्या फुटपाथवर रुमाल आणि मोजे विकणारा पोरगा, आई तुमच्या वॉर्डात होती तेव्हा बाहेर व्हरांड्यात पेपर अंथरून पडायचा, तो. नर्सिंगचा फॉर्म तुम्हीच भरायला लावलात. "तुले ऐकू चांगलं येते," एवढंच कारण सांगितलंत, कारण आईच्या शेजारच्या बाईचा श्वास बदलल्याचं मी तुम्हाला धावत येऊन सांगितलं होतं. कान माझे धंद्यानं तयार झालेले. गिऱ्हाईक रुमाल घेणार की नुसतं हाताळणार हे त्याच्या 'कितीला दिला' मधल्या सुरावरून कळायचं, आणि अतिक्रमणवाल्यांची गाडी वळणावर आल्याचं चौकातला भेळवाला डब्यांची झाकणं ज्या घाईनं लावायचा त्यावरून. त्याच कानांवर मी पुढे पोट भरलं, आखातात नोकरी केली, परत येऊन घर बांधलं. अजूनही वॉर्डाच्या दारात क्षणभर डोळे मिटून उभा राहतो, तुम्ही शिकवलं तसं. कोण कण्हतंय, कोण कण्हायचं थांबलंय, कुणाच्या खोलीत सगळे गप्प आहेत. तुमच्या वॉर्डात माणसं ऐकू यायची. इथं यंत्रं ऐकू येतात आणि त्यांच्या मधल्या फटीतून माणूस शोधावा लागतो.

बाकी इथं सगळं चकचकीत आहे. हॉटेलच्या धंद्यातून आलेला एक माणूस माझ्या पोरींना हसायला शिकवतो. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते" हे वाक्य खोलीच्या दारात उभं राहून म्हणायचं, म्हटलं की नाही ते कॅमेऱ्यात बघतात. परिचारिका दिनाला केक कापतात, गुलाब वाटतात, एखादे साहेब सेवेवर बोलतात, आणि ते बोलत असताना वर मजल्यावर एक पोरगी दोघींचं काम ओढत असते. सेवा हा शब्द कानावर पडला की मला कळतं, आता कुणाची तरी सुट्टी जाणार. आणि स्टुलं. तुमच्या वॉर्डात प्रत्येक पलंगाशी एक लोखंडी स्टूल असायचं, रंग उडालेलं, एक पाय हमखास आखूड. इथंही मी रुजू झालो तेव्हा होती, चांगली स्टीलची. मग एका मीटिंगमध्ये ठरलं की स्टाफ बसलेला दिसला तर नातेवाइकांना वाटतं, यांना काम नाही. त्याच आठवड्यात स्टुलं गेली. मी बोललो तेव्हा, पण माझ्या सवयीनं हसत हसत बोललो, आणि हसत बोललेलं कुणी मनावर घेत नाही. पेशंटला पलंग आहे, नातेवाइकाला सोफा आहे, नर्सला फरशी आहे. तिच्यावर उभं राहायचं.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे कन्हानचे एक काका दाखल झाले. जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, आवाज अजून खणखणीत. कावीळ म्हणून आले होते. कावीळ होतीच, पण ती वर दिसणारी. आत पित्ताच्या नळीपाशी कॅन्सर होता आणि तो लिव्हरभर गेला होता. डॉक्टरांनी हे त्यांच्या मुलाला सांगितलं, लिफ्टशेजारी उभ्याउभ्या. मुलानं हात जोडले, बाबांना कळू देऊ नका, खचतील. डॉक्टर म्हणाले, बरं. झालं, त्या दिवसापासून अख्ख्या मजल्यानं हे गुपित सांभाळलं. रिपोर्ट आणणाऱ्याला माहीत, जेवणाची ट्रॉली ढकलणाऱ्या मावशीला माहीत, शेजारच्या खोलीतल्या पेशंटच्या जावयालाही माहीत. ज्याचं शरीर, त्याला सोडून सगळ्यांना बातमी. मुलाचा मला राग नाही, सिस्टर. घाबरलेला होता बिचारा, बापाला वाचवता येत नाही तर निदान बापाची भीती वाचवू असं त्याला वाटलं. राग याचा येतो की हे खोटं धरून ठेवायचं काम शेवटी कुणाच्या अंगावर पडतं. डॉक्टर राउंडला येतात, दारातून 'काय काका, मस्त' म्हणून पुढे जातात. मुलगा खाली फोनवर असतो. तोंड धुवायला नर्स, कूस बदलायला नर्स, लघवीचा रंग बघायला नर्स. माणूस मनातलं विचारणार तर तिलाच ना? जिनं डोळ्यांत बघून अंग पुसलंय तिला. ती खोटं दिवसभर हातात धरून उभी राहणार, आणि ते सुटलं तर मेमो तिलाच.

त्या खोलीवर कुहीची एक पोरगी होती. कामाला पक्की, बोलायला कमी, हसायच्या क्लासमध्ये कायम नापास. घरी भावंडांत थोरली. जर्मनीला जायचं चाललं होतं तिचं. ड्यूटी संपली की मेट्रोत बसून ओठातल्या ओठात तिकडचे शब्द घोकायची. मी एकदा समोरच बसलो होतो, तिनं पाहिलं नाही, मला मात्र सगळा धडा ऐकू आला. तिकडे जायला इथलं अनुभवाचं पत्र लागतं, आणि ज्याला मेमो लागला त्याला हे हॉस्पिटल धड पत्र देत नाही. म्हणजे एका मेमोवर तिचं सगळं पुढचं टांगलेलं होतं.

दुपारची वेळ. मुलगा जेवायला गेलेला. पोरगी काकांची पाठ पुसून, पावडर लावून त्यांना कुशीवर वळवते आहे. काका विचारतात, "पोरी, खरं सांग वं. मी बरा होऊन राहिलो, का जाऊन राहिलो?" हे मला तिनं सांगितलं आणि नंतर काकांनीही, शब्दन् शब्द तेच. यावर काय म्हणायचं ते इथं प्रत्येकीला पाठ आहे. टेन्शन घेऊ नका काका, डॉक्टर सांगतील. हसऱ्या तोंडानं, नजर सलाईनकडे. तिनं तसं म्हटलं नाही. तिनं काहीच म्हटलं नाही. पलंगाखाली एक लोखंडी पायरी असते, चढताना म्हाताऱ्यांना पाय ठेवायला. ती तिनं बाहेर ओढली आणि तिच्यावर बसली. पायरी ती, केवढीशी उंच असणार. तिचं तोंड काकांच्याही खाली आलं. तशी ती त्यांच्याकडे वर बघत बसून राहिली. काकांनी तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाले, "असं आहे तर." आणि उलट त्यांनीच तिच्या डोक्यावर हात ठेवला. संध्याकाळी मुलगा आला तर त्याला सांगितलं, मले घरी घेऊन चाल, कन्हानले.

मुलानं मजला डोक्यावर घेतला. सकाळी माझा बाप हसत होता, कोणी सांगितलं त्यांना, कोण बोललं. काकांनी कुणाचं नाव घेतलं नाही. कॅमेऱ्यानं घेतलं. पोरगी बसलेली दिसली.

आता बघा सिस्टर, मला तुम्ही का आठवू नये. नर्सिंगचं पहिलं वर्ष आहे माझं. वर्गात पोरं मोजकी, वॉर्डात लोक 'ब्रदर' म्हणायचं की वॉर्डबॉय या गोंधळात. मी सलाईन लावतो आहे आणि मागून एक आजोबा विचारतात, बाबू, माझा पाय ठेवतील का कापतील? मी बाटलीकडे बघतच म्हणतो, सब ठीक होगा काका. तुम्ही पलीकडे चादर घालत होतात. एक शब्द न बोलता माझं मनगट धरलंत आणि बेडपॅन धुवायच्या खोलीत नेलंत. फिनेलचा वास, वाहता नळ. मला वाटलं सलाईन चुकली. तुम्ही विचारलंत, "बर्डीवर रुमाल विकत होता नं तू? तवा गिऱ्हाइकाकडे पाठ करून भाव सांगत होता का गा?" मी म्हटलं, नाही. "मग ज्याचा पाय जाऊन राहिला त्याले पाठीनं काहून सांगतं?" आणि मग तो तुमचा नियम, नळ बंद करून सांगितलेला. ड्यूटीवर बसायचं नाही. पण पेशंटनं मरणाचं विचारलं, पाय जाण्याचं विचारलं, तर उभं राहून उत्तर द्यायचं नाही. स्टूल ओढायचं, बसायचं. मग तोंडातून काही नाही निघालं तरी चालते. मी गेलो, बसलो, आणि तोंडातून खरंच काही निघालं नाही. आजोबा थोडे रडले, मग मलाच म्हणाले, नवीन आहे का बाबू? शिक, शिक.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बूट आणून दिलेत. तुमच्या भावाचे जुने, मोच्याकडून खाली रबर ठोकून घेतलेले, कारण माझ्या चपला फरशीवर फटफट वाजायच्या. म्हणालात, पेशंटले तुझं येणं ऐकू नाही आलं पाहिजे, पण तू आला हे समजलं पाहिजे. हे वाक्य मी पोरींना इतक्यांदा ऐकवलंय की त्या माझ्या आधी ते पुरं करतात. आणि ती पाण्याची गोष्ट. तुमच्या आईवडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा तुम्ही त्यांच्या कडेवर होतात, हे तुम्ही अभिमानानं सांगायच्या. एका बड्या घरच्या म्हातारीच्या सुनेनं तुमचं आडनाव विचारून घेतलं आणि मग सासूला पाणी पाजायला दुसरी सिस्टर मागितली. आम्ही विद्यार्थी आत पेटलेलो. तुम्ही तांब्या भरता भरता म्हणालात, "नळ सरकारचा, तांब्या सरकारचा, तहान तुमच्या सासूबाईची. माझं काय आहे याच्यात?" म्हातारीनंच हात पुढे केला. ही सगळी शिकवण मी डोक्यावर घेतो. पण एक गोष्ट आहे जिचा हिशेब तुमच्याकडे मागायचा आहे.

तुमच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर. रविवारी आम्हा होस्टेलच्या पोरांना तुम्ही जेवायला बोलवायच्या. भरीत, भाकरी, मिरचीचा ठेचा. आम्ही खाली मांडी घालून बसलेलो आणि तुम्ही ओट्याशी उभ्यानं जेवताय, ताट ओट्यावर. आम्ही म्हणतो, बसा नं सिस्टर. तुम्ही म्हणता, बसलं की मग उठवत नाही रे. आम्ही हसतो. एकदा साडी जरा वर सरकली आणि पोटऱ्यांवर गुंडाळलेलं क्रेप बँडेज दिसलं, त्याच्यावरून डोकावणाऱ्या निळ्या शिरा, दोरीसारख्या पिळलेल्या. आम्ही नर्सिंग शिकणारी पोरं, परीक्षेत या शिरांवर उत्तरं लिहिणारी, आणि आम्ही भाकरी पुढे ओढली. तुम्ही पेशंटसाठी स्टूल ओढायला शिकवलंत, स्वतःसाठी कधी ओढलं नाहीत. कुणी सुट्टी घ्या म्हटलं की तुम्हाला राग यायचा. उभं राहण्याचा तुम्हाला गर्व होता, सिस्टर, कबूल करा. मी आखातात होतो तेव्हा फोन आला. पायातली गुठळी फुप्फुसात गेली, व्हरांड्यात औषधाचा ट्रे हातात असताना. फोनवरचा माणूस म्हणाला, काम करता करता गेल्या, भाग्याचं मरण. मी फोन ठेवला आणि भिंतीवर अशी मूठ मारली की तिथला माझा सोबती उठून बसला. कसलं भाग्य? वेळेवर पाय वर घेऊन बसल्या असत्या तर जगल्या असत्या.

पोरीला द्यायच्या मेमोवर माझी सही व्हायची होती, म्हणून त्यासाठी बोलावलेल्या मीटिंगच्या आधी मी काकांच्या खोलीत गेलो. मुलगा बाहेर होता. काकांनी माझे बूट पाहिले. तुमचा आवाज येत नाही गा, म्हणाले. मी म्हटलं, जुनी सवय. मग त्यांनी आपणहून सांगितलं की खाणीत छत पडायच्या आधी बोलते. बारीक करकरते, माती झरते. कान असलेला माणूस समजून घेतो. "मी कवाचा ऐकून राहिलो होतो नं ब्रदर. सगळे म्हणत, काही नाही, काही नाही. मले वाटे, माह्याच कानाले काही झालं का?" मग म्हणाले, "त्या पोरीले काही करू नका. ते काहीच नाही बोलली. बसली फक्त. मी इथं आल्यापासून पहिल्यांदा कोणी जवळ बसलं."

मीटिंगला मेडिकल डायरेक्टर होते, एचआरच्या मॅडम होत्या, काकांचा मुलगा होता आणि मी. पोरीला बाहेर उभं केलं होतं, अर्थातच उभं. मॅडमनी नियम वाचून दाखवला की वाईट बातमी फक्त कन्सल्टंट देतील. मी म्हटलं, नियम चांगला आहे, मला मान्य आहे, नर्सनं आजाराचं निदान जाहीर करू नयेच. तिनं ते केलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, मग पेशंटला कळलं कसं? मी म्हटलं, ती बसली म्हणून. मग मॅडम म्हणाल्या, "सर, बसणंसुद्धा पॉलिसीत नाही."

मला हसू आलं असतं, पण तेवढ्यात डायरेक्टर समजुतीच्या सुरात बोलायला लागले. मोठा सर्जन, माणूस वाईट नाही. म्हणाले, पूर्वीच्या सिस्टर बघा. माझी आई सरकारी दवाखान्यात होती, तिथं एक जुन्या पद्धतीच्या सिस्टर होत्या, त्यांना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. काय निष्ठा. सिस्टर, त्या तुम्ही होता की दुसऱ्या कुणी, मला ठाऊक नाही, तुमच्यासारख्या पुष्कळ होत्या. पण तुमची ती उभं राहण्याची शोभा शेवटी कुणाच्या उपयोगी पडली बघा. एका पोरीला मेमो द्यायला. मी इतकी वर्षं कुणावर आवाज चढवलेला नाही, गोड बोलून कामं करून घेतो, अशी माझी ख्याती. त्या दिवशी चढला. "साहेब, तुम्ही त्यांना उभं पाहिलं. त्यांचे पाय नाही पाहिले. मी पाहिलेत."

मुलगा टेबलाकडे बघत होता. मग डायरेक्टरनी विचारलं, हे असं पेशंटपाशी बसायचं तिला शिकवलं कोणी? मी म्हटलं, मी. मॅडम म्हणाल्या, सर, तुम्ही सिनियर आहात, रिटायरमेंट जवळ आलीय, भावनेच्या भरात बोलू नका. मी म्हटलं, भावना नाही, ट्रेनिंग आहे. मी शिकवलं, तिनं केलं. मेमो काढायचा तर माझ्या नावानं काढा, आणि मराठीत काढा, म्हणजे बायकोलाही वाचता येईल. पोरीच्या फायलीत काही जाणार नसेल तर मी मुकाट घेतो. जाणार असेल तर मग मी रिटायर व्हायच्या आधी बरंच बोलणार आहे, आणि मला ऐकू काय काय आलंय ते तुम्हाला माहीत नाही. हे मी परत हसून म्हटलं. या वेळी मात्र सगळ्यांनी मनावर घेतलं.

तर तो मेमो हा असा. 'रुग्णकक्षात कर्मचाऱ्यांना बसण्यास प्रोत्साहन दिल्याबद्दल.' बायकोनं मोठ्यानं वाचला, दोनदा, आणि म्हणाली, याला फ्रेम करायची का?

मीटिंग संपल्यावर मुलगा लिफ्टपाशी उभा होता, जिथं त्याला ती बातमी मिळाली होती तिथंच. मला वाटलं आता हा माझ्या अंगावर येणार. तो म्हणाला, "ब्रदर, आता मी त्यांच्यासमोर जाऊ कसा? इतके दिवस खोटं बोललो." त्याला सांगितलं की बोलायला काही लागत नाही, पलंगाखाली पायरी आहे, ती ओढ. तो गेला. मी लिफ्ट सोडून दिली आणि तिथंच थांबलो, उगाच भिंतीवरची सूचना वाचत. यंत्रं वाजत होती, कुठंतरी ट्रॉली चालली होती. त्या सगळ्यातून मला लोखंड फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. मग काकांचा आवाज, खणखणीत, "आईले सांगितलं का तू?" मी निघालो. पुढचं माझ्यासाठी नव्हतं. काका दोन दिवसांनी घरी गेले, आणि ऐकलं की पुढे घरीच वारले, अंगणात खाट टाकायला लावली होती म्हणे.

पोरीचं पत्र झालं, चांगलं झालं, मी स्वतः बसून टाइप करून घेतलं. ती जाईल. मला विचारायला आली होती, सर, जाऊ का? इथं माणसं कमी आहेत. या प्रश्नाचाही मला राग आला. पोरीला घर बांधायचंय, भावंडं शिकवायचीत, आणि तिला वाटतं माणसं कमी आहेत हा तिचा गुन्हा. कमी ठेवली कोणी? मीही गेलो होतोच आखातात, कुणाला विचारलं होतं? तिला म्हटलं, जा, आणि तिकडे पहिल्या दिवशी बघ, पलंगाशी खुर्ची आहे का. असेल तर मला फोटो पाठव. तिच्या जागी आता नवीन येईल कुणीतरी, भिंतीभर पाटी आणि आत चार खोल्या असलेल्या कुठल्यातरी कॉलेजातून, जिनं जिवंत माणसाची कूस कधी बदललेली नाही. मी तिला रबर ठोकलेल्या बुटांपासून सुरुवात करीन. दुसरं काय करणार.

हे सगळं तुम्हाला पाठवायचं नाहीच, आणि पाठवता आलं असतं तरी मी थबकलो असतो. एक गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही. मीटिंगमध्ये मी म्हणालो, मी शिकवलं. ते खोटं होतं, सिस्टर. स्टुलं गेली तशी ती गोष्ट मी शिकवायची सोडूनच दिली होती. ज्या खोलीत नर्सला टेकायला जागा नाही तिथं बसायला काय सांगायचं पोरींना, असं म्हणून. माझ्या "आमच्या सिस्टर म्हणायच्या" मध्ये बूट असायचे, पाण्याची गोष्ट असायची, स्टूल नसायचं. पोरगी पत्र घ्यायला आली तेव्हा मी विचारलं, तुला कोणी सांगितलं होतं बसायला? ती गोंधळली. तिला वाटलं परत चौकशी. मग म्हणाली, "कोणीच नाही, सर. उभं राहून त्यांच्याकडे बघवेना."

म्हणजे माझं नाही आणि तुमचंही नाही. तिचं तिचंच. इतक्या रागात ही एकच गोष्ट आहे जिचा मला राग नाही. पण खरं सांगू? विचारताना मला वाटत होतं, तिनं म्हणावं, असं काय सर, तुम्हीच तर सांगितलं होतं.